घरचे दप्तर : व्यक्तिगत माहिती सांभाळण्याचे शास्त्र आणि व्यवहार

२०२० च्या खरीप हंगामात उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात परतीच्या पावसाने काढणीला आलेल्या सोयाबीनची मोठी नासाडी झाली. पीकविमा योजनेच्या त्या वेळच्या अटीनुसार नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देणे आवश्यक होते. ज्यांनी ती दिली नाही, अशा हजारो शेतकऱ्यांना भरपाई नाकारली गेली. पिके पाण्यात होती, महसूल व कृषी खात्याचे पंचनामेही झाले होते. नव्हती ती फक्त वेळेत केलेली एक नोंद आणि तिचा क्रमांक. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. मे २०२२ मध्ये खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

विमा कंपन्यांच्या अटी न्याय्य होत्या की नाही, हा वेगळा विषय आहे. येथे मुद्दा एवढाच, की त्या ७२ तासांत शेतकऱ्याला विम्याच्या अर्जाचा क्रमांक, जमिनीचा गट क्रमांक, बँक खाते आणि अर्जात दिलेला मोबाइल क्रमांक या चार गोष्टी हाताशी हव्या होत्या. या चारही गोष्टी बहुतेक घरांत असतात. पण त्या एका ठिकाणी नसतात आणि घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असतात. तो माणूस त्या दिवशी बाहेरगावी असला, तर घरात असलेली माहितीही नसल्यासारखीच होते.

असलेली माहिती हवी तेव्हा हाती लागावी, यासाठी माणूस जे करतो त्याला ग्रंथालयशास्त्रात व संगणकशास्त्रात ‘व्यक्तिगत माहिती व्यवस्थापन’ असे नाव आहे. ही संज्ञा संशोधनाच्या क्षेत्रात १९८० च्या दशकात रुळली. तिच्यामागची कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकी अभियंते व्हॅनिव्हर बुश यांनी १९४५ मध्ये ‘मेमेक्स’ नावाच्या एका यंत्राची कल्पना मांडली. माणसाची पुस्तके, पत्रे, टिपणे एकाच मेजात साठवावीत आणि विचारांच्या दुव्यांनी ती एकमेकांना जोडावीत, अशी ही योजना होती. ते यंत्र कधी तयार झाले नाही. आज प्रत्येकाच्या खिशात त्याहून प्रबळ यंत्र आहे आणि तरीही आधार कार्डाची प्रत शोधण्यासाठी व्हॉट्सअॅपवरील जुने संदेश तासभर वर सरकवावे लागतात.

साक्षरतेचा दुर्लक्षित भाग

‘माहिती साक्षरता’ हा शब्दप्रयोग पॉल झुर्कोव्हस्की यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रथम वापरला. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने १९८९ मध्ये त्याची व्याख्या केली : माहितीची गरज ओळखणे, ती शोधणे, तिची पारख करणे आणि तिचा परिणामकारक उपयोग करणे. २००३ च्या प्राग आणि २००५ च्या अलेक्झांड्रिया येथील जाहीरनाम्यांनी या कौशल्याला नागरिकत्वाशी आणि आजन्म शिक्षणाशी जोडले. या व्याख्यांत एक उणीव दिसते. सारा भर नवी माहिती मिळवण्यावर आहे. मिळालेली सांभाळण्याचा विचार त्या मानाने उशिरा आला. ब्रिटनमधील विद्यापीठ ग्रंथालयांच्या संघटनेने २०११ मध्ये सुधारलेल्या आपल्या सात स्तंभांच्या आराखड्यात ‘व्यवस्थापन’ या स्तंभाला स्वतंत्र स्थान दिले.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्यास सांगते. घराच्या दप्तरात वाचक कोण, हे एकदा ठरवले की हे सूत्र तेथेही लागू पडते. त्या दप्तराचा वाचक बहुधा आपण नसतोच. आपल्या पश्चात किंवा गैरहजेरीत कागद शोधणारी पत्नी, मुलगा किंवा भाऊ हाच त्याचा खरा वाचक असतो.

मराठी मुलखाला ही विद्या नवी नाही. पेशवे दप्तरातील कागद विषयवार आणि सालवार कापडी रुमालांत बांधून ठेवलेले होते. म्हणूनच १९३० च्या दशकात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध करू शकले. उलट इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांची दप्तरे शोधावी लागली, कारण ती माळ्यावर, कोनाड्यांत आणि वाळवीच्या तोंडी पडलेली होती. व्यापाऱ्याची रोजकीर्द आणि खतावणी, कुलकर्ण्यांचे दप्तर, तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या या सगळ्यांचा हेतू एकच होता : विचारणारा आला की कागद निघाला पाहिजे.

येरमाळा परिसरातील कागदांचा गुंता

कळंब तालुक्यातील येरमाळा हे गाव येडेश्वरी देवीमुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला आणि नंतरच्या चुनखडी वेचण्याच्या सोहळ्याला पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली अनेक कुटुंबे येथे येतात. त्यांच्यापैकी कितीतरी जणांची वडिलोपार्जित जमीन या परिसरात आहे आणि तिचे कागद अर्धे गावी, अर्धे शहरात आहेत. सोलापूर-धुळे महामार्गावरील या भागातील एखाद्या कुटुंबाचे दप्तर उघडले, तर कागदांच्या गुंत्याचे जवळजवळ सगळे प्रकार पाहायला मिळतात. म्हणून उदाहरणादाखल हाच परिसर घेतला आहे.

पहिली अडचण जागेच्या नावाची. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील महसुली कागद उर्दूत, काही मोडीत आहेत. पुढे १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा झाला. त्यामुळे आज लातूर जिल्ह्यात असलेल्या गावातील पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘जिल्हा उस्मानाबाद’ असते. २०२३ मध्ये उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले. तेव्हा एकाच घरात आजोबांचा कागद एका नावाचा, वडिलांचा त्याच नावाचा पण आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावाचा आणि नातवाचा तिसऱ्या पाटीचा, असे होऊ शकते. यात चूक कोणाचीही नाही. पण परराज्यातील किंवा परदेशातील एखाद्या कार्यालयात हे समजावून सांगण्याची वेळ येते, तेव्हा नामांतराच्या अधिसूचनेची प्रत आपल्या फायलीत असलेली बरी.

जमिनीच्या ओळखीचेही तसेच. तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत योजना राबवली गेली, तेथे जुन्या सर्व्हे क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले. आजोबांच्या खरेदीखतावर सर्व्हे क्रमांक आणि आजच्या सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो. हे दोन आकडे जुळवून दाखवणारा उतारा घरात नसेल, तर खरेदीखत असूनही ते कोणत्या जमिनीचे हे सिद्ध करण्यात महिने जातात. मराठवाड्यात १९५४-५५ च्या सुमाराचे खासरा पत्रक याच कारणाने मोलाचे मानले जाते.

बँकांची नावेही बदलली. मराठवाड्यातल्या घराघरांत ‘हैदराबाद बँक’ म्हणून ओळखली जाणारी स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. मराठवाडा ग्रामीण बँक त्याआधी २००९ मध्येच महाराष्ट्र ग्रामीण बँकेचा भाग झाली होती. जुन्या पासबुकावरील शाखेचा संकेतांक आता चालत नाही, म्हणून ते पासबुक टाकून देण्याची घाई अनेक जण करतात. वास्तविक, बंद पडलेल्या खात्याचा माग काढायचा झाला तर तेच पासबुक पहिला पुरावा ठरते.

आणि सर्वांत चिवट गुंता माणसाच्या नावाचा. सातबाऱ्यावर ‘भगवान’, बँकेत ‘भगवानराव’ आणि आधारवर इंग्रजीतून परत मराठीत आलेले तिसरेच काही, हे घरोघरचे चित्र आहे. स्त्रियांच्या बाबतीत ते अधिक बिकट होते. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा, मतदार ओळखपत्र सासरच्या नावाचा आणि या दोघांना जोडणारे विवाह नोंदणी प्रमाणपत्र बहुतेकदा काढलेलेच नसते. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली, तेव्हा अधिवास प्रमाणपत्र नसल्यास १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला यांपैकी एक चालेल, असे सरकारने जाहीर केले. नवे रेशनकार्ड मिळाल्यावर ज्यांनी जुने चुलीत घातले, त्यांच्या हातून यातला एक सोपा पुरावा गेलेला होता. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याची पद्धत राज्यात सुरू झाली आहे. स्वागतार्ह निर्णय आहे हा. मात्र त्यामुळे एकाच घरातील थोरल्या आणि धाकट्या भावंडांची नावे निरनिराळ्या पद्धतीने लिहिलेली असतील, हे पालकांनी आताच ध्यानात ठेवायला हवे.

जुना कागद टाकू नये, असे म्हणण्याचे आणखी एक कारण जातीच्या दाखल्यात आहे. जात प्रमाणपत्रासाठी आणि पडताळणीसाठी ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा मागितला जातो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आज अठरा वर्षांच्या मुलीला अभियांत्रिकीचा प्रवेश घेताना पणजोबांच्या शाळेतील प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा लागू शकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील जुन्या अभिलेखांत कुणबी नोंदींचा शोध घेतला आणि पहिल्या टप्प्यात ११ हजार ५३० नोंदी आढळल्याचे जाहीर झाले. खासरा पत्रके, शाळांच्या नोंदवह्या, गावच्या जन्म-मृत्यूची नोंद असणारा नमुना १४ म्हणजेच ‘कोतवाल बुक’, अशा कागदांची त्यासाठी तपासणी झाली. आरक्षणाच्या वादात न शिरताही यातून एक गोष्ट दिसते : अनेक कुटुंबांना आपल्याच पूर्वजांबद्दलची माहिती तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात शोधावी लागली.

ढीग, फायली आणि शोध

नीटनेटकेपणा म्हणजेच व्यवस्थापन, हा सर्वसाधारण समज आहे. संशोधन तसे सांगत नाही. थॉमस मेलोन यांनी १९८३ मध्ये कार्यालयांतील मेजांचा अभ्यास केला. काही माणसे फायली करतात, काही ढीग करतात, असे त्यांना दिसले. पण ढीग हा निव्वळ आळस नव्हता. समोर दिसणारा कागद ‘हे काम बाकी आहे’ याची आठवण देतो. फायलीत गेलेला कागद विसरला जातो. वीजबिल खुंटीला अडकवणारी गृहिणी हेच तंत्र वापरते. तेव्हा जे काम व्हायचे आहे त्याचा कागद डोळ्यांसमोर आणि जे झाले त्याचा फायलीत, एवढा भेद पाळला तरी बरेच साधते.

संगणकाच्या बाबतीत निष्कर्ष अधिक गमतीचे आहेत. शोधपेटी इतकी सोपी झाल्यावर फोल्डर करण्याची गरज काय, असा प्रश्न येतो. ऑफर बर्गमन आणि स्टीव्ह व्हिटेकर या संशोधकांनी दाखवून दिले, की स्वतःच्या फायली शोधताना माणसे आजही शब्दाने शोधण्यापेक्षा ठेवलेल्या जागी जाणेच पसंत करतात. घरात चष्मा शोधावा तसे. ई-मेलच्या बाबतीत मात्र २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिटेकर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात उलट आढळले. पत्रे फोल्डरांत लावत बसणाऱ्यांना ती लवकर सापडत होती असे नाही. सरळ शोध घेणारे अधिक कार्यक्षम ठरले. तात्पर्य, स्वतः तयार केलेल्या किंवा जपून ठेवायच्या कागदांसाठी जागा ठरवावी, येणाऱ्या टपालासाठी तेवढे कष्ट घेऊ नयेत.

मोबाइलमधील छायाचित्रांना यापैकी काहीच लागू होत नाही, कारण तेथे कागदाला नावच नसते. सातबारा, लग्नातले जेवण आणि नातवाचा वाढदिवस एकाच रांगेत उभे असतात. यावर उपाय एकच : कागदाचे छायाचित्र काढल्याबरोबर त्याला नाव द्यावे. नावात आधी वर्ष, मग कागदाचा प्रकार, मग व्यक्ती, असा क्रम ठेवावा. ‘२०२४ सातबारा आई’ असे नाव दिलेली फाईल दहा वर्षांनीही सापडेल. ‘नवीन फाईल अंतिम २’ ही पुढच्या आठवड्यातही सापडणार नाही.

काय ठेवावे आणि कोठे

घरच्या कागदांचे आयुष्य सारखे नसते. जन्म, मृत्यू, विवाह, शिक्षण, जात, मालमत्ता यांचे कागद कायमचे. या कागदांत फेरफाराच्या प्रती, खरेदीखत, वाटणीपत्र, शाळेचा दाखला हे सारे आले. कर्जफेडीचा दाखला, ज्याला बँका ‘बेबाकी प्रमाणपत्र’ किंवा ‘नो ड्यूज’ म्हणतात, तोही कायमचा समजावा. २०१७ आणि २०१९ च्या शेतकरी कर्जमाफी योजनांच्या वेळी खात्यांच्या तपशिलांची छाननी झाली, तेव्हा अशा कागदांचे महत्त्व अनेकांना उमगले. पावत्या, बिले, वॉरंटी यांचे आयुष्य मुदतीपुरते. बँकेच्या यंत्रातून निघणाऱ्या चकचकीत पावत्यांवरील मजकूर काही महिन्यांत पुसट होतो, म्हणून महत्त्वाच्या पावतीची साधी झेरॉक्स काढून तीच जपावी. लॅमिनेशनचा मोह टाळावा. एकदा लॅमिनेट केलेला कागद सुटा होत नाही आणि त्यावर नंतर शेरा-शिक्का मारता येत नाही.

सरकारी कागदांपैकी बरेचसे आता पुन्हा मिळवता येतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून मिळालेल्या कागदांना माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील नियमांनुसार मूळ कागदाचा दर्जा आहे. यात एक बारीक भेद आहे. खात्याने थेट डिजिलॉकरमध्ये दिलेला कागद मूळ धरला जातो. आपण स्वतः स्कॅन करून तेथे चढवलेला कागद ही केवळ प्रत असते. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून घरबसल्या काढता येतो. तेव्हा सातबारा जपण्यापेक्षा गट क्रमांक, खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक लिहून ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. आपले सरकार सेवा केंद्रात कोणताही अर्ज केला, तरी पोचपावतीवरील क्रमांकाचे तसेच आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरलेल्या मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येते. अपील चालवायचे तर तो क्रमांक आणि अर्जाची तारीख लागते.

१९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा घरांबरोबर कागदही ढिगाऱ्यात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम या भागांत पुराचे पाणी घरांत शिरले. दोन्ही वेळा मदतीच्या यादीत नाव येण्यासाठी लागणारे पुरावे त्याच घरांत होते. म्हणून एक प्रत घराबाहेर, शक्य तर दुसऱ्या गावातील नातलगाकडे असावी. शहरात राहणाऱ्या मुलाने गावच्या कागदांची आणि गावच्या भावाने शहरातील कागदांची प्रत ठेवणे हा यावरचा बिनखर्ची तोडगा होय. मूळ कागद पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून उंच आणि प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवावेत. कसर आणि वाळवी लागू नये म्हणून पावसाळ्यानंतर एकदा पेटी उघडून पाहावी.

दुसऱ्याच्या हाती गेलेली किल्ली

माहिती हरवण्याइतकाच धोका ती नको त्या हाती जाण्याचा आहे. पीकविमा, पीएम-किसान, बँक, गॅस या सर्वांची किल्ली आज मोबाइल क्रमांक ही झाली आहे. अर्ज भरताना स्वतःचा मोबाइल नाही म्हणून शेजाऱ्याचा, दुकानदाराचा किंवा केंद्रचालकाचा क्रमांक देण्याची पद्धत गावोगाव आढळते. पुढे ओटीपी त्याच्याकडे जातो. रिचार्ज न केल्याने बंद पडलेला क्रमांक कालांतराने दुसऱ्यालाच मिळतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. आपल्या घरातील कोणत्या खात्याला कोणता क्रमांक जोडलेला आहे, ही यादी अन्य कोणत्याही यादीच्या आधी करावी.

आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर कोणत्या कामासाठी दिली ते आणि तारीख लिहावी. पूर्ण क्रमांकाची गरज नसेल तेथे पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड’ आधार पुरते. पासवर्ड वहीत लिहू नयेत असे सांगितले जाते. आमच्या मते कुलुपात ठेवलेली वही ही मोबाइलमधील उघड्या टिपणापेक्षा कितीतरी सुरक्षित. पैशाची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ सांगता आली तर रक्कम अडवण्याची शक्यता वाढते.

वारसांसाठी

१ एप्रिल २०२५ पासून राज्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेण्यात आली, ती सातबाऱ्यावरील मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी. मृत्यूनंतर वारसांनी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, तीन महिन्यांत कळवावे असा जमीन महसूल कायद्याचा दंडक असतानाही विशेष मोहीम काढावी लागली. वारसाची नोंद प्रथम गाव नमुना ६-क मध्ये होते आणि चौकशीनंतर फेरफाराने सातबाऱ्यावर येते. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे, पत्ते, वये त्यासाठी लागतात. बहिणींची नावे वगळून केलेली यादी पुढे न्यायालयात उभी राहते, याचा अनुभव मराठवाड्याला कमी नाही.

बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे वारसाचा प्रश्न सुटला, हा आणखी एक गैरसमज. नामनिर्देशित व्यक्तीला बँक रक्कम देते. मालकीचा प्रश्न वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. ज्या ठेवींना दहा वर्षे कोणी हात लावलेला नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जमा होतात. जून २०२५ अखेर अशा पडून राहिलेल्या ठेवी ६७ हजार कोटी रुपयांवर गेल्या होत्या. त्यांचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. खातेदाराचे नाव आणि पॅन, जन्मतारीख यांसारखा एखादा तपशील भरून तेथे शोध घेता येतो. निधीत गेलेली रक्कमही खातेदाराला किंवा त्याच्या वारसाला मूळ बँकेकडूनच मागावी लागते, आणि हैदराबाद बँकेच्या जुन्या खात्यांसाठी तो अर्ज आता भारतीय स्टेट बँकेकडे करावयाचा असतो.